डंक आपला, क्लेम त्यांचा

आधी डोळे पूस आणि तुमच्या मसाला कांडायच्या डंकाबद्दल आलेल्या त्या नोटिशीचा दुसरा परिच्छेद मोठ्याने वाच. ‘आमच्या अशिलाने पेटंटसाठी अर्ज केला असून तो प्रसिद्ध झाला आहे.’ ऐकलंस? अर्ज केलाय. पेटंट मिळालेलं नाहीये अजून. वकिलाने हे वाक्य मधे दडपून टाकलंय आणि वर-खाली ‘उल्लंघन’, ‘नुकसानभरपाई’, ‘फौजदारी कारवाई’ असे शब्द पेरलेत. पेटंटच्या उल्लंघनाला फौजदारी नसतेच गं, तो दिवाणी दावा असतो. आणि अर्ज नुसता प्रसिद्ध झालाय तोवर त्यांना तो दावाही लावता येत नाही. पेटंट मंजूर झालं की लावता येईल, आणि तेव्हा मात्र प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागता येईल. म्हणून घाबरायचं नाही, पण ‘बघू नंतर’ म्हणून ड्रॉवरमध्येही टाकायचं नाही.

दुसरं, सोबत जो कराराचा मसुदा जोडलाय त्यावर सही करायची नाही. मेहुण्यांना आत्ताच सांगून ठेव, कारण ते भांडणाला कंटाळून ‘देऊन टाकू वर्षाला थोडे पैसे’ म्हणणारे आहेत. त्या मसुद्यात सहावं कलम बघ: ‘लायसन्स घेणारा या पेटंटच्या वैधतेला कधीही आव्हान देणार नाही.’ असली अट पेटंट कायद्याच्या १४०व्या कलमाने बेकायदा ठरवली आहे. तरीही लोक ती घालतात, कारण समोरच्याने कायदा वाचलेला नसतो. पण उद्या तीच सही दाखवून ते म्हणणार, ‘बघा, यांनी आमचा शोध मान्य केला होता.’ सहीच नको.

आता अर्जाचा क्रमांक बघ. सुरुवातीचे चार आकडे वर्षाचे. पाचवा आकडा कुठला? दोन. म्हणजे अर्ज मुंबईच्या ऑफिसात आहे, आपल्या अँटॉप हिलला. दिल्लीचा असता तर तिथे एक असता, कोलकात्याचा तीन, चेन्नईचा चार. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा इथले अर्जदार सगळे इथेच येतात. मी पेटंटच्या धंद्यात उमेदवारी करत होते तेव्हा हे ऑफिस लोअर परळला सन मिल कंपाउंडात, तोडी इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. मग इकडे एस. एम. रोडला, अँटॉप हिल पोस्टाजवळ बौद्धिक संपदा भवनात आलं. लालबागहून तू वडाळ्याच्या विठ्ठलाला आषाढीला चालत येतेस ना, तिथून पुढे फार लांब नाही. आता सुनावण्या बहुतेक व्हिडिओवरच होतात आणि कागद ऑनलाइन जातात, त्यामुळे तुला तिथे खेटे घालावे लागणार नाहीत. पण इमारत एकदा बघून ये म्हणते मी. आत कोणी राक्षस बसलेला नाही हे कळलं की निम्मी धडधड कमी होते.

रात्री दुकान बंद झालं की पेटंट ऑफिसच्या साइटवर तो क्रमांक टाक. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. त्यांचा सगळा अर्ज उघडेल. बेचाळीस पानं बघून दचकू नकोस. पहिली चाळीस पानं सोड. त्यात यंत्राची स्तुती असते. शेवटची दोन पानं काढ, जिथे एक, दोन, तीन असे आकडे घालून वाक्यं लिहिली असतात. त्यांना क्लेम म्हणतात. जमिनीची हद्द जशी मोजणीच्या नकाशावर असते, शेजारी काय बोलतो त्यावर नसते, तशी पेटंटची हद्द या क्लेममध्येच असते. बाकी कुठेही त्यांनी काहीही लिहिलेलं असू दे.

मी काल चाळले ते. पहिला क्लेम मोघम आणि अघळपघळ आहे: मसाला कांडताना उखळीभोवती थंड पाणी किंवा गार हवा फिरवून मसाल्याचं तापमान वाढू न देणारं कोणतंही यंत्र. यात तुमचा डंक येतो, उघड आहे. चौथा क्लेम अरुंद आहे: तेच, पण उखळीत तापमान मोजणारा सेन्सर आणि तो सांगेल तसा मुसळीचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा. तुमच्याकडे सेन्सर आहे? तुझ्या सासऱ्यांनी उखळीभोवती तांब्याची नळी गुंडाळली आणि टाकीतलं पाणी सोडलं. मसाला तापलाय की नाही हे ते हात लावून सांगायचे.

म्हणूनच सांगते, नीट ऐक, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे कळत नाही. ते येतात आणि म्हणतात, ‘ताई, त्यांचं पेटंट रद्द करा.’ तुला त्यांचं पेटंट मारायचं नाहीये. तुझा डंक त्याच्या हद्दीबाहेर राहिला म्हणजे तुझं काम झालं. पहिला क्लेम गळून पडला आणि ते सेन्सरवाल्या क्लेमवर आले, तर त्यांचं पेटंट त्यांच्याकडे सुखाने नांदू दे. तुझं मसाला गल्लीतलं दुकान चालू राहील. सगळं उलथवायला गेलीस तर दहा वर्षं जातील आणि हाती लागेल ते तेवढंच.

त्यासाठी कायद्याने काय काय दिलंय ते सांगते.

पहिली वाट पेटंट मिळण्याआधीची. कलम २५, पोटकलम एक. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणीही म्हणजे अक्षरशः कोणीही. तू, तुझ्या शेजारचा चिवडेवाला, मी. धंद्यातलं असण्याची अट नाही. प्रसिद्धीनंतर सहा महिने तरी पेटंट देता येत नाही असा नियम आहे. त्यांचा अर्ज प्रसिद्ध होऊन चार महिने झालेत, म्हणजे दोन महिने खात्रीचे. पुढचं, अर्ज तपासणारा परीक्षक किती वेगाने काम करतो त्यावर. त्या भरवशावर राहू नकोस. पेटंट मंजूर व्हायच्या आदल्या दिवशीही हरकत चालते, पण तो आदला दिवस कोणता हे तुला कोणी कळवणार नाही.

ही वाट साध्या माणसासाठी किती मोठी आहे याचं उदाहरण याच अँटॉप हिलच्या ऑफिसातलं आहे. बेडाक्विलिन नावाचं टीबीचं औषध. ज्या रुग्णांवर नेहमीची औषधं चालत नाहीत त्यांच्यासाठीचं. मूळ औषधाचं पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनकडे होतं आणि ते जुलै २०२३मध्ये संपणार होतं. पण त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर कंपनीने दुसरा अर्ज केला होता, क्रमांक १२२०/एमयूएमएनपी/२००९. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ सालच्या अखेरपर्यंत लांबली असती. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यावर हरकत कोणी घेतली? दोन मुलींनी. आपल्या मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झाला होता, आणि जुन्या उपचारातल्या इंजेक्शनांनी दोघींचंही ऐकणं गेलं होतं. २३ मार्च २०२३ला मुंबईच्या पेटंट ऑफिसने कंपनीचा अर्ज नाकारला. शिवडीचं टीबी हॉस्पिटल तिथून किती लांब आहे ते तुला सांगायला नको. तिथल्या खाटेवरच्या माणसाला चार वर्षांचा फरक म्हणजे काय, ते तू समजू शकतेस.

त्या दोघींच्या मागे जाणकार वकील आणि संस्था होत्या, हे खरं. आणि निकालाला चार वर्षं लागली हेही खरं. पण नाव त्यांचं होतं, हरकत त्यांची होती, आणि ‘तुम्ही कोण?’ असं त्यांना कायद्याने कोणी विचारू शकलं नाही. आपल्या महालक्ष्मीच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या बाबतीत हेच केलं होतं. ते प्रकरण चेन्नईच्या ऑफिसातून सुरू होऊन थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १ एप्रिल २०१३ला नोव्हार्टिस हरली.

एक बदल झालाय तो लक्षात ठेव. पूर्वी ही हरकत विनाशुल्क होती. मार्च २०२४च्या नव्या नियमांपासून शुल्क लागतं, आणि हरकत दखल घेण्याजोगी आहे का हे पेटंट ऑफिसचा कंट्रोलर आधी पडताळतो. मला हा बदल पटलेला नाही. तुमच्यासारख्या दुकानदाराला ते शुल्क जड जाणार नाही, पण रुग्णांच्या छोट्या संघटनांना एकेका औषधाच्या पाच-सहा अर्जांवर हरकत घ्यावी लागते, त्यांनी पैसे कुठून आणायचे? दुसरी बाजूही सांगते. भाडोत्री नावांनी एकामागून एक हरकती टाकून अर्ज वर्षानुवर्षं लटकवणारे लोक या धंद्यात आहेत. २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात चांगलं सुनावलं होतं. म्हणून हरकत तुझ्याच नावाने टाकायची. मेहुण्यांच्या मित्राचा तो चुलतभाऊ ‘माझ्या नावाने टाका, मी बघून घेतो’ म्हणतोय ना, त्याला चहा पाजून वाटेला लाव.

आता पुरावा. इथे बायका फसतात, बाप्येही फसतात. सगळे म्हणतात, ‘अहो, आमच्याकडे हे पूर्वीपासून आहे, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.’ ठाऊक असून भागत नाही. तारीख लागते, आणि ती त्यांच्या अर्जाच्या तारखेआधीची लागते. त्यांचा अर्ज ऑगस्ट २०२२चा. त्याआधीचं जे सापडेल ते आण. नळी बसवून देणाऱ्या भायखळ्याच्या फॅब्रिकेटरचं बिल सासऱ्यांच्या पेटीत असेल. त्या माणसाचं प्रतिज्ञापत्रही घेऊ. सत्यनारायणाचे फोटो आहेत ना, ज्यात मागे डंक दिसतो? रोलवर काढून धुतलेले असतील तर मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. कुठल्या पेपराने उन्हाळ्यात मसाला गल्लीवर फोटो छापला असेल तर तो सोन्याहून पिवळा, कारण त्याची तारीख कोणी नाकारू शकत नाही.

आणि हो, ‘सार्वजनिक वापर’ सिद्ध करावा लागतो. मागच्या खोलीत कुलूपबंद वापरलेलं यंत्र यात बसवणं अवघड. पण तुमच्याकडे काय होतं ते आठव. एप्रिल-मे महिन्यात बायका मिरच्या, धणे भाजून घेऊन येतात आणि आपल्या मसाल्यात दुसरीचा मसाला मिसळू नये म्हणून डंकासमोरून हलत नाहीत. तासन् तास तोंडाला पदर लावून उखळीकडे बघत असतात. यापेक्षा उघड वापर कुठला असेल? अशा चार-पाच जुन्या गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं घ्यायची. नळी कधीपासून बघितली, पाणी कुठून यायचं, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. वकिलाने लिहून दिलेली पाच सारखी प्रतिज्ञापत्रं कंट्रोलरच्या लगेच लक्षात येतात.

हळदीची गोष्ट तुला माहीत आहे, पण तिच्यातला कामाचा भाग बहुतेकांना माहीत नसतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. गिरगावात वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांनी ते लढवलं. आता हळद जखमेवर लावतात हे आपल्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिथे आजीबाईची साक्ष चालणार नव्हती. सीएसआयआरने बत्तीस लेखी संदर्भ गोळा केले, त्यात संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला निबंधही होता. मग १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या कायद्यात तोंडी चालत आलेलं स्थानिक ज्ञान हाही हरकतीचा मुद्दा आहे, अमेरिकेपेक्षा आपण तेवढे पुढे आहोत. तरी कागद असेल तिथे कागदच पुढे करायचा.

एकूण अकरा मुद्दे आहेत हरकतीचे, कायद्यात ‘क’पासून यादीच आहे. सगळे घालायचा मोह होईल आणि काही वकील घालतातही, पानं वाढतात म्हणून. तुला दोनच पुरेत. एक, हे भारतात आधीपासून उघडपणे वापरात होतं. दोन, यात शोध म्हणावं असं काही नाही, या क्षेत्रातल्या जाणत्या माणसाला ते सहज सुचलं असतं. दुसऱ्या मुद्द्यासाठी मी तयारी करते. मसाले गार ठेवून दळले तर वास उडत नाही, यावर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने आणि खरगपूरच्या आयआयटीने कधीच काम केलंय, द्रव नायट्रोजन वापरून. निबंध छापलेले आहेत. तिथे चक्की होती आणि इथे डंक आहे, एवढाच फरक उरतो.

हरकत गेली की ते गप्प बसणार नाहीत. बहुधा क्लेम बदलतील. इथून खरा खेळ सुरू होतो आणि इथेच लोक डुलक्या काढतात. कलम ५९ सांगतं की दुरुस्ती म्हणजे काहीतरी सोडून देणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं, एवढंच. मुळात जे लिहिलं नव्हतं ते नव्याने घुसवता येत नाही, आणि नवा क्लेम जुन्याच्या बाहेर पसरता कामा नये. आक्रसता येतं, फुगता येत नाही. त्यांनी ‘कोणतंही यंत्र’ कापून ‘सेन्सर असलेलं यंत्र’ केलं तर मनातल्या मनात पेढे वाट. पण त्यांनी सेन्सरऐवजी ‘तापमानावर लक्ष ठेवणारी कोणतीही व्यवस्था’ असं काही घातलं, तर सासऱ्यांचा हातही त्यात येतो की नाही यावर उद्या वाद घालतील. तो शब्द मुळात होता का, हे बघून तिथल्या तिथे बोट ठेवायचं.

आणि एक अडचण आधीच सांगते. अर्जाची तपासणी परीक्षक आणि अर्जदार यांच्यात चालते आणि हरकत वेगळी चालते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४मध्ये, नोव्हार्टिस आणि नॅटको या औषध कंपन्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की तपासणीत हरकतदाराला हक्काने भाग घेता येत नाही. म्हणजे तिकडे परीक्षकाच्या सांगण्यावरून क्लेम बदलले, तर ते तुला बोलावून विचारणार नाहीत. त्यामुळे साइटवर दर आठवड्याला तो क्रमांक बघायचा. पेटंटचं जर्नल शुक्रवारी निघतं. शुक्रवारची सवय लाव.

समज, हरकत फेटाळली आणि पेटंट मिळालं. अर्ज नाकारला गेला तर अर्जदाराला उच्च न्यायालयात अपील आहे. पण मंजुरीआधीची हरकत फेटाळली तर हरकतदाराला तसं अपील कायद्यात नाही. ही एकतर्फी गोष्ट आहे, पण आहे ती आहे. तुझ्यासाठी मग दुसरी वाट, कलम २५च्याच पोटकलम दोनची. मंजुरी जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत, त्याच ऑफिसात. एक वर्ष उलटलं की ती वाट बंद, विनवण्या करून उपयोग नाही. इथे मात्र ‘तुम्ही कोण?’ विचारतात. हितसंबंध असलेलीच व्यक्ती हवी. तुमचा कांडपाचाच धंदा, तुम्हाला ते सिद्ध करायला पाच मिनिटं पुरतील. पण हितसंबंध म्हणजे धंदाच असावा लागतो असंही नाही. मुंबईतल्या ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ने रोशच्या पेगासिस या हिपॅटायटिस सीच्या औषधाच्या पेटंटला असंच आव्हान दिलं होतं. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांसोबत काम करणारी ही संस्था, औषध बनवणारी नाही. कंट्रोलरकडे ते हरले. अपिलात, नोव्हेंबर २०१२मध्ये, तेव्हाच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेचाही हितसंबंध मानला आणि पेटंट रद्द केलं. ते मंडळ २०२१मध्ये बंद झालं. आता अपील थेट उच्च न्यायालयात.

या दुसऱ्या वाटेवर तिघांचं हरकत मंडळ बसतं. ज्याने अर्ज तपासला तो परीक्षक त्यात चालत नाही, हा मला एक शहाणपणाचा नियम वाटतो. तुझं म्हणणं आणि पुरावा, मग पेटंटधारकाला उत्तराला दोन महिने, मग तुला प्रत्युत्तराला एक महिना. त्यानंतर नवा कागद परवानगीशिवाय घालता येत नाही. म्हणून पेटी आत्ता उपसायची, तेव्हा नाही. मंडळ शिफारस करतं, निकाल कंट्रोलर देतो: पेटंट आहे तसं ठेवायचं, दुरुस्त करून ठेवायचं किंवा रद्द करायचं. मधला पर्याय तुझ्या कामाचा, मघाशी म्हटलं तोच.

तिसरी वाट फोर्टात, मुंबई उच्च न्यायालयात, कलम ६४. तिला वर्षाची मुदत नाही. पेटंट वीस वर्षं चालतं, तेवढ्यात केव्हाही. त्यांनी तुझ्यावर दावा लावला तर प्रतिदावा म्हणूनही हीच मागणी करता येते. दावा जिल्हा न्यायालयात असेल तर प्रतिदाव्याबरोबर तो उच्च न्यायालयात जातो. तिथेही त्यांना क्लेम आक्रसायची संधी असते. एकदा दावा किंवा रद्दीकरणाचं प्रकरण कोर्टात सुरू झालं की अँटॉप हिलचा कंट्रोलर दुरुस्तीला हात लावत नाही, ते न्यायाधीशांच्या हातात जातं. ही वाट महागडी आहे. माझ्यासारखी पेटंट एजंट पेटंट ऑफिसात उभी राहते, तिथे मात्र वकील लागतो.

सगळ्या वाटांनी एकदम धावता येत नाही, हे मेहुण्यांना विशेष सांग. २०१४ साली पवनचक्क्यांच्या एका प्रकरणात, अलॉइस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा, सुप्रीम कोर्टाने ते मिटवून टाकलं. एक वर्षाच्या मुदतीतली हरकत निवडलीत तर तीच लढा. रद्द करण्याची याचिका आणि दाव्यातला प्रतिदावा, दोन्ही एकाच माणसाने चालवायचे नाहीत.

सरकार स्वतःही सार्वजनिक हितासाठी पेटंट रद्द करू शकतं. २०१२मध्ये मधुमेहावरच्या जांभूळ, लवंगपत्ती आणि चंदनाच्या मिश्रणाचं पेटंट केंद्राने तसं काढून घेतलं. आपल्यासाठी कोणी तो दरवाजा उघडणार नाही, तेव्हा ते सोड. आणि तुझ्या जावेने पेपरात वाचलेलं ते कॅन्सरच्या औषधाचं प्रकरणही यातलं नव्हे. मार्च २०१२मध्ये कंट्रोलर जनरल पी. एच. कुरियन यांनी मुंबईतून आदेश काढला, आणि महिन्याला २,८०,४२८ रुपयांचं बायरचं औषध नॅटकोला ८,८८० रुपयांत विकायची मुभा मिळाली. तो सक्तीचा परवाना होता. पेटंट बायरचंच राहिलं, नॅटको रॉयल्टी देत होती.

नोटिशीला उत्तर मी लिहून देते, अर्ध्या पानाचं. ‘तुमचं पेटंट नाही, अर्ज आहे, आमचा वापर त्याआधीचा आहे, आमचे हक्क राखून.’ त्यात सासऱ्यांची कहाणी नको, संतापही नको. बिलं-फोटो आत्ताच दाखवायचे नाहीत, ते हरकतीबरोबर. पुन्हा धमकीची पत्रं आली तर बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध आपणच कोर्टात जाऊ शकतो, १०६ कलम आहे. ते हातचं राखून ठेवू.

आणि एक, हे तुझ्या-माझ्यात. त्या फॅब्रिकेटरचं बिल सापडलं नाही तर कोणीतरी म्हणेल, ‘जुन्या तारखेचं करून घेऊ, तो ओळखीचा आहे.’ मेहुणे स्वतः म्हणणार नाहीत, पण गल्लीत सल्लागार कमी नाहीत. एक खोटं बिल सापडलं की तुझी खरी प्रतिज्ञापत्रंही रद्दीत जातील. बिल नसेल तर नसू दे. फोटो आणि गिऱ्हाइकांवर लढू.

रविवारी दुपारी या माझ्याकडे. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. मूळ तुझ्याच कपाटात राहू देत. फोटो मात्र मूळच लागतील, मागचा शिक्का बघायचाय. आणि सासूबाईंना घेऊन ये. नळी कोणत्या वर्षी बसवली ते त्यांनाच नक्की आठवेल. पण आधी त्यांना ‘अमुक साली ना?’ असं विचारून ठेवू नकोस, माझ्यासमोर त्यांना आपणहून सांगू दे.